खिशांतला कॅमेरा व घरांतले आवाज

कल्याण येथें ३१ मार्च १८६५ रोजीं जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचें एक छायाचित्र आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. १८८५ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं तें काढलेलें आहे. एक जपानी व एक सीरियन सहाध्यायिनी आपापल्या देशांच्या वेषांत जवळ आहेत, आणि आनंदीबाई साडींत आहेत. मुद्रा कळते, वेष कळतो. परंतु त्या चालत कशा, हंसत कशा, कल्याणची मराठी त्यांच्या तोंडून कशी ऐकूं येई, हें त्या चित्रास सांगतां येत नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्याच्या आंतच, त्या पुणें येथें वारल्या. याबद्दल कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. आवाज धरून ठेवणारें यंत्र त्या काळीं नुकतें निघालें होतें, पण तें कांहीं घरोघर नव्हतें; आणि हलत्या चित्रांचा खेळ पॅरिसच्या लोकांपुढें येण्यास अद्याप आठ वर्षांचा अवकाश होता. आमच्या पिढीस मात्र ही सबब उरलेली नाहीं.

मौज अशी कीं, हें यंत्र जन्मास आलें तेंच मुळीं घरांत डोकावत. २८ डिसेंबर १८९५ रोजीं ल्युमिएर बंधूंनीं पॅरिस येथें जो सुप्रसिद्ध खेळ केला, त्यांतील एका चित्राचा विषय एवढाच होता कीं, थोरले बंधु ओग्युस्त आपल्या तान्ह्या मुलीस भरवीत आहेत व मुलीची आई शेजारीं बसली आहे. ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएरांचा खेळ मुंबईस वॉटसन हॉटेलांत झाला. त्यापासून स्फूर्ति घेऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला, १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें झालेली कुस्ती टिपली, आणि १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हांचें स्वागतही टिपलें. पुढें १९१२ सालीं दादासाहेब फाळक्यांनीं आपली पहिली परीक्षा घेतली ती एका कुंडींतील वाटाण्यावर. रोप रोज थोडें थोडें टिपून त्यांनीं अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. ‘राजा हरिश्चंद्र’ तयार होत असतां सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोंकें पाडीत, रसायनें कालवीत, आणि मंडळींचा स्वयंपाकही करीत. सारांश, आपल्याकडील चित्रपटाची विद्या माजघराच्या शेजारींच वाढली.

सामान्य गृहस्थास मात्र ती फार दिवस परवडली नाहीं. १९३२ सालीं घरगुती उपयोगाची आठ मिलिमीटरची फिल्म निघाली. तिच्या एका रिळांत सुमारें चार मिनिटांचें चित्र मावे, आणि तेंही मुकें. नंतर कॅसेटींवर चित्र घेणारे कॅमेरे आले. ते कोणी परदेशाहून आणीत, कोणी लग्नापुरते भाड्यानें घेत. मग २००७ सालीं अमेरिकेंत ‘फ्लिप’ नांवाचा, पत्त्यांच्या जोडाएवढा कॅमेरा खपूं लागला. मध्यें एक मोठें तांबडें बटण. दाबलें कीं चित्र सुरू, पुन्हां दाबलें कीं बंद. कडेचा दांडा बाहेर काढून संगणकास लावला कीं काम झालें. वापरण्याचें पुस्तक वाचण्याची गरज नव्हती. कंपनी २००९ सालीं सिस्कोनें विकत घेतली आणि २०११ सालीं हा धंदा बंदही करून टाकला. कारण तेंच काम मोबाइल फोन करूं लागला होता. तरी ठाण्या-डोंबिवलीच्या ज्या घरांतलीं मुलें अमेरिकेंत आहेत, अशा कांहीं घरांतल्या कपाटांत हा ठेंगणा कॅमेरा अजून सांपडेल. ज्यांच्याजवळ तो नाहीं, त्यांच्या हातांत फोन आहेच. म्हणून आतां प्रश्न यंत्राचा राहिलेला नाहीं, टिपावें काय हा आहे.

येथें डोंबिवलींतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबाची हकीकत सांगतों. घरांतल्या आजीबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ थाटानें झाला. भाड्याचा चित्रकार बोलाविला होता. त्यानें तीन तासांचें चित्र करून दिलें. आजीबाई शालजोडी घेऊन बसल्या आहेत, माणसें येतात, वांकून नमस्कार करतात, आणि साऱ्यावर अथपासून इतिपर्यंत सिनेमाचीं गाणीं घातलेलीं आहेत. दोन वर्षांनीं आजीबाई गेल्या. वर्षश्राद्धास सर्व मंडळी जमली तेव्हां तें चित्र लावलें, आणि तीन तासांत आजीबाईंचा एक शब्दही नाहीं हें प्रथम सर्वांच्या ध्यानांत आलें. मग धाकट्या नातवास आठवण झाली कीं, काकांनीं पाठविलेल्या खिशांतल्या कॅमेऱ्यानें श्रावणांतल्या एका रविवारीं आपण कांहीं तरी घेतलें होतें. शोधून काढलें तों अवघीं तीन मिनिटें. आजीबाई तांदूळ निवडीत बसल्या आहेत. “अरे, ठेव तें बाजूला आणि मला तेवढा चष्मा दे,” असें प्रथम रागें भरतात, आणि मग निवडतां निवडतांच आदित्यराणूबाईची कहाणी मध्यापासून सांगूं लागतात. हात चालू आहे, सूप हलतें आहे, बाहेर गाडीचा भोंगा वाजतो. थोरल्या सूनबाई आम्हांस म्हणाल्या, “चौदा वर्षें त्यांच्या हाताखालीं काम केलें, पण कहाणींत त्या कोठें थांबत, हें मला या तीन मिनिटांनीं शिकविलें.” आम्हीं तें चित्र पाहिलें. त्यांत सूनबाई स्वतः कोठेंच दिसत नाहींत; आंतून त्यांच्या बांगड्यांचा आवाज तेवढा येतो.

या हकीकतींतून आम्ही जो धडा घेतला तो असा कीं, समारंभ टिपणारे पुष्कळ असतात, रोजचा दिवस टिपणारा कोणी नसतो. पाडव्याच्या सकाळीं डोंबिवलीच्या नववर्ष स्वागतयात्रेंत, १९९९ सालीं ती सुरू झाली तेव्हांपासून, कॅमेऱ्यांना तोटा नाहीं. आपण आणखी एक वर केल्यानें कांहीं भर पडत नाहीं. परंतु त्याच पहाटे आपल्या गच्चींत आजोबा गुढीच्या काठीला खण कसा बांधतात, गांठ कोणती मारतात, आणि ती सुटली म्हणजे काय पुटपुटतात, हें जगांत दुसरें कोणी टिपणार नाहीं. नौपाड्यांतील एकेक जुनें घर पाडून त्या जागीं मजले चढत आहेत. त्या घराच्या जिन्याचा करकरणारा पायठा, झोपाळ्याच्या कड्यांचा नाद, मागीलदारचा कढीलिंब हें सर्व पाडण्याच्या आधींच घेतलें पाहिजे.

घेण्याची रीत सोपी आहे. चित्र सुरू केल्यावर मनांत दहा अंक मोजेपर्यंत हात हलवूं नये. नवशिक्यांचें निम्मेंअधिक चित्र भिंतीवरून धांवत असतें. खिडकी आपल्या पाठीशीं असावी, बोलणाऱ्याच्या पाठीशीं नसावी. नाहीं तर चेहऱ्याऐवजीं काळी सावलीच मिळते. अशा साध्या कॅमेऱ्याची नजर ठराविक अंतरावर बांधलेली असते. सुमारें दोन हातांच्या आंत गेल्यास चित्र पुसट होतें. फार दूरही राहूं नये, कारण ध्वनि पकडणारें छिद्र लहान असतें. पंखा व दूरदर्शन संच बंद करावा. फोन असल्यास आडवा धरावा. चित्र मोठें करण्याचें बटण दाबण्यापेक्षां दोन पावलें पुढें जावें. आणि गाणें वरून घालूं नये. “बोला ना कांहीं” असें म्हणण्यापेक्षां “दिव्याच्या अवसेला तुमच्याकडे काय करीत?” असें नेमकें विचारावें, म्हातारीं माणसें प्रश्नाला फुलतात, कॅमेऱ्याला नाहीं.

आतां मर्यादेविषयीं. कांहीं वडीलधाऱ्यांस हा सारा प्रकार आवडत नाहीं, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. जेवणारा माणूस जेवूं द्यावा, रडणारा रडूं द्यावा. यंत्र मध्यें आलें कीं माणूस नट होतो. म्हणून आधीं विचारावें, आणि नको म्हटल्यास खिशांत ठेवावें. आजारी माणसाचें, न्हाणाऱ्या मुलाचें, घरांतल्या वादाचें चित्र घेऊंच नये. घेतलेलें चित्र तत्काळ व्हॉट्सॲपवर शंभर नातलगांस धाडण्याची जी घाई दिसते, तिला तर आमचा स्पष्ट विरोध आहे. आजीनें नातवावर विश्वास टाकून सांगितलेली गोष्ट ही गांवजेवण नव्हे.

आणखी एक अन्याय दूर करावयास हवा. चित्र घेणारा पुरुष पानावर बसलेल्यांना टिपतो. वाढणाऱ्या बायका त्यांत येतात त्या हातापुरत्या. महिन्यांतून एक दिवस कॅमेरा सूनबाईंच्या हातीं द्यावा, आणि एक दिवस तो त्यांच्याकडेच वळवावा. त्यांचीही नातवंडें उद्यां त्यांचा आवाज शोधणार आहेत.

शेवटीं जतन. कॅसेटींवरचीं जुनीं चित्रें दिवसेंदिवस खराब होत आहेत व तीं दाखविणारीं यंत्रेंही दुर्मिळ होत चाललीं आहेत. तीं विलंब न करतां संगणकावर उतरवून घ्यावीं. प्रत्येक चित्राच्या नांवांत तारीख व माणसाचें नांव घालावें. दोन प्रती निरनिराळ्या घरीं ठेवाव्या, एक ठाण्यास असल्यास दुसरी पुण्याच्या बहिणीकडे. आणि एका वहींत शाईनें लिहून ठेवावें कीं, हे कोण, घर कोणतें, निमित्त काय. पन्नास वर्षांनीं पाहणारास चेहरा दिसेल, पण नातें सांगणारें कोणी राहिलेलें नसेल.

तेव्हां येत्या रविवारीं दुपारीं, चहा होण्याच्या आधीं, घरांतल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ पांच मिनिटें बसावें, आणि तिला तिच्या माहेरच्या किंवा जन्मगांवच्या घराचा रस्ता विचारावा. आनंदीबाईंच्या बाबतींत काळानें जें दिलें नाहीं, तें आपल्या खिशांत पडलेलें आहे. तें बाहेर काढण्याचा तेवढा आळस नसावा.