वाहत्या पाण्याची मजुरी

सूरजागडच्या बाजूने आलेले एक पत्र या खेपेस आमच्या टेबलावर सगळ्यांत वर आहे. लिहिणारे गृहस्थ शिक्षक आहेत. समुद्राच्या भरती-ओहोटीच्या ओढीवर तरंगते यंत्र बांधून वीज काढतात असे त्यांच्या वाचनात आले. पुढे ते विचारतात, "आमच्याकडे समुद्र नाही, पण नदी आहे, आणि नदीवर डोंगे आहेत. डोंग्यांच्या आधाराने पाण्यात चाक सोडले, तर शाळेपुरते दिवे लागतील काय?"

प्रश्न साधा आहे. उत्तर तितके साधे नाही, म्हणून आजचे सगळे पान त्यालाच देतो. दिवाळीच्या अंकात दिव्यांचाच विषय निघावा हे एका परीने योग्यच झाले.

प्रथम समुद्राचे पाहू. सूरजागड गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात, ऐन अरण्यात. सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे पूर्वेचा बंगालचा उपसागर, आणि तोही तीनशे किलोमीटरांच्या पलीकडे. तेव्हा भरती-ओहोटीचे कौतुक तिथल्या मुलांना पुस्तकातूनच करावे लागणार. कोकणातल्या कोळ्याला मात्र पुस्तक लागत नाही. तिथीला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे, की भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास. घटका-दोन घटकांचा फरक पडेल, पण हिशेब चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे मंद भरती. वाऱ्याचा नेम नाही, पावसाचा तर मुळीच नाही. पण भरतीचे वेळापत्रक पुढच्या शंभर वर्षांचे आजच मांडता येते. विजेच्या इंजिनिअरांना समुद्राची भुरळ पडते ती यासाठी.

या भरतीकडून काम करून घेण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, खाडीला भिंत घालून पाणी कोंडायचे आणि मग उंचीवरून सोडायचे. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ साली असे २४० मेगावॅटचे वीजघर सुरू झाले. दुसरी तऱ्हा भिंतीवाचूनची. पाणी येते-जाते तसे येऊ-जाऊ द्यावे आणि त्याच्या वाटेत फक्त पाती धरावीत. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्क्नी बेटांपाशी २०२१ साली असे एक तरंगते यंत्र नांगरले. लांबी ७४ मीटर, दोन बाजूंना पाण्यात बुडालेली दोन प्रचंड पंख्यांसारखी चक्रे, आणि शक्ती दोन मेगावॅट. आपल्याकडे २०११ साली गुजरातेत कच्छच्या आखातात ५० मेगावॅटचा प्रकल्प जाहीर झाला होता, तो मात्र कागदावरून पाण्यात उतरला नाही.

ऑर्क्नीचे यंत्र नवे असले तरी त्यामागची कल्पना पुरती चौदा शतकांहून जुनी आहे. सन ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला. शहराला पाणी पुरविणारे उंच कालवे त्यांनी फोडले. त्या कालव्यांच्या पाण्यावरच रोमच्या पिठाच्या गिरण्या चालत, म्हणजे पाण्याबरोबर पीठही बंद. शहराचा बचाव करणारा सेनापती बेलिसारियस. त्याने टायबर नदीत दोन-दोन होड्या दोन फुटांच्या अंतराने शेजारी शेजारी बांधल्या, त्यांवर जाती बसविली आणि मधल्या फटीत, जिथे पाणी जोराने घुसते तिथे, चाक टांगले. नदीच्या ओढीने चाक फिरू लागले आणि रोमला पोळी मिळू लागली. गॉथांना हे कळताच त्यांनी वरच्या अंगाने झाडांचे ओंडके आणि मेलेल्या शिपायांची प्रेते सोडून दिली, म्हणजे चाके मोडावीत. चाके मोडलीही. तेव्हा बेलिसारियसने नदीच्या आरपार लोखंडी साखळी ताणली; येईल ते तिथेच अडे आणि माणसे ते ओढून काठावर घेत. पुढे युरोपातल्या मोठमोठ्या नद्यांवर अशा तरंगत्या गिरण्या शेकडो वर्षे दळत राहिल्या. ओंडक्यांची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

आता गणित. भिण्याचे कारण नाही, सगळे तोंडी होण्यासारखे आहे. वाहत्या पाण्याच्या अंगची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, आठपट होते. दर सेकंदाला एक मीटर या वेगाने, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या चालीने, पाणी वाहत असेल तर प्रत्येक चौरस मीटरमागे त्यात ५०० वॉट असतात. ते सगळे कुणालाच मिळत नाहीत. पाण्याची सगळी शक्ती काढून घ्यायची तर पाणी जागच्या जागी थांबले पाहिजे, आणि थांबले तर मागचे पाणी येणार कोठून? बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास दाखवून दिले की उघड्या प्रवाहातून कितीही उत्तम यंत्राने शेकडा ५९ हून जास्त शक्ती निघत नाही. गावच्या सुताराने केलेल्या पात्यांच्या चाकाला चौथा हिस्सा मिळाला तरी शाबासकी द्यावी.

समजा, दोन डोंगे जोडून मध्ये असे चाक बसविले की त्याची पाती तीन मीटर रुंद आणि अर्धा मीटर पाण्यात. म्हणजे दीड चौरस मीटर. एक मीटर वेगाच्या पाण्यात ७५० वॉट. त्याचा चौथा हिस्सा १९० च्या आतबाहेर. शिवाय हे चाक मिनिटाला तीन-चार फेरेच घेणार, आणि डायनॅमोला हवेत शेकडो फेरे. मधे दातेरी चाके, पट्टे आले, त्यांचे घर्षण आले. हाती उरतील सुमारे १२५ वॉट. आजच्या नऊ वॉटच्या दिव्यांचा हिशेब केला तर तेरा दिवे.

एवढेच? असे म्हणून कोणी नाक मुरडील. पण नदी रात्री झोपत नाही. १२५ वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला तीन युनिटे, महिन्याला नव्वद. शहरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या संसाराचे मासिक बिल एकदा काढून पाहा, म्हणजे नव्वद युनिटे थोडी नव्हेत हे पटेल. पाण्याचा वेग दोन मीटर असेल तर हेच चाक हजार वॉट देईल. पण वेग अर्ध्या मीटरवर आला की उरतात पंधरा वॉट. दोन दिवेही धड लागायचे नाहीत. घनाचा नियम असा दोन्हीकडून कापतो.

सूरजागडच्या प्रश्नाची खरी गाठ इथेच आहे. समुद्राला दिवसाकाठी दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. रानातल्या नदीला वर्षातून एकच भरती आणि एकच ओहोटी. आषाढ-श्रावणात त्या भागातल्या नद्या काय रूप घेतात हे सांगायला भामरागडचे उदाहरण पुरे. तिथल्या पर्लकोटा नदीच्या ठेंगण्या पुलावरून पाणी जाई आणि गावचा जगाशी संबंध तुटे, हे वर्षानुवर्षांचे दुखणे. अशा पुरात आख्खी झाडे मुळांसकट वाहत येतात. रोमला ओंडके सोडायला शत्रू लागला. इथे ते काम नदी स्वतःच करते, आणि तिच्यापुढे साखळी टिकणार नाही. पुराच्या दिवसांत चाक काठावर ओढून ठेवण्यावाचून गती नाही. उलट चैत्र-वैशाखात लहान नद्यांच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू अधिक. तेव्हा चाकाचा खरा हंगाम पूर ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंत, फार तर पाच महिने.

तर मग सूर्याची पाटी का नको? पाऊण किलोवॉटच्या सौरपाट्या आमच्या या चाकाइतकीच वीज वर्षाच्या सरासरीने देतील. त्यांत फिरणारे काही नाही, मोडणारे काही नाही, पुराने वाहून जाण्याची भीती नाही. स्वच्छ सांगायचे तर शाळेच्या छपरावर पहिली त्यांचीच जागा आहे. चाकाला जागा आहे ती जोडीदार म्हणून. ढगाळ आठवड्यात पाटी हात आखडते. नेमके तेव्हा पावसाच्या दोन झडींमधल्या उघडिपीत नदी भरलेली असते. संक्रांतीच्या लांब रात्रींत पाटी पाच-सहाला झोपते, नदी पहाटेपर्यंत चालू. कुठल्याही एकाच्या भरवशावर न राहता दोघांची वीज एकाच बॅटरीत साठवावी, हा शहाणपणाचा मार्ग.

महाराष्ट्रात गावकऱ्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याची वीज काढली, ती याहून पुष्कळ मोठी. नंदुरबार जिल्ह्यातले बिलगाव हे सातपुड्यातले आदिवासी गाव, नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीच्या काठचे. अनिलकुमार आणि मधुसूदनन या केरळच्या दोन तरुण इंजिनिअरांनी तिथल्या धबधब्याचा अंदाज घेतला. गावकऱ्यांनी श्रमदानाने दगड वाहिले, लहानसा बंधारा घातला, पाट काढला, आणि जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॉटचे वीजघर सुरू झाले. नर्मदा बचाओ आंदोलनाची माणसे या कामात होती. सरकारी तारा पोचल्या नव्हत्या अशा पाड्यांत दिवे लागले. पुढल्या साली आलेल्या 'स्वदेस' या चित्रपटात गाव स्वतःची वीज तयार करते, त्या प्रसंगाची प्रेरणा बिलगाव हीच असे सांगतात.

इथे तरंगत्या चाकाचे भक्त असणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. आठ-दहा मीटरांचा उतार मिळाला, तर १५ किलोवॉटला सेकंदाला तीनशे लिटरांच्या आसपास पाणी पुरते. म्हणजे दीड पिपाएवढे. सपाट नदीत, एक मीटर वेगाच्या प्रवाहात, तेवढीच वीज काढायची तर आमच्या चाकासारखी एकशे वीस चाके लागतील! पाण्याला उंचीवरून पाडणे हे पाण्याला नुसते वाहू देण्यापेक्षा नेहमीच भारी. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, जुनी पाणचक्की पाहिली असेल तर आठवेल: दूरच्या डोंगरातून खापरी नळांनी आणलेले पाणी तिथे उंचावरून पडते आणि जाते फिरते. तेव्हा सूरजागडच्या आसपास डोंगर-ओढे असताना, आधी एखादी बारमाही धार आणि तिला आठ-दहा हातांची उडी शोधावी. चाकाची पाळी त्यानंतर.

बिलगावचे पुढे काय झाले? त्या साऱ्या खटाटोपाचे आयुष्य साडेतीन वर्षांचे ठरले. २००६ साली सरदार सरोवराच्या भिंतीची उंची १२१.९२ मीटर झाली आणि त्याच पावसाळ्यात ते वीजघर पाण्याखाली गेले. विजेसाठी बांधलेल्या मोठ्या धरणाने विजेसाठी बांधलेले लहान वीजघर बुडवावे, असा प्रकार घडला. धरण हवे की नको हा वाद इथे काढीत नाही. पण त्या पाड्यांवरच्या घरांत जो अंधार परत आला, त्याला पहिल्या अंधाराहून वेगळे नाव द्यावे लागेल.

गडचिरोलीला ही गोष्ट परकी नाही. गोदावरी आणि इंद्रावतीवर इचंपल्ली आणि भोपालपट्टणम् येथे प्रचंड धरणे घालण्याचे घाटत होते. त्यांत जंगल आणि माडिया-गोंडांची वस्ती बुडणार म्हणून १९८४ साली 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यांत पुढे होते. ती धरणे झाली नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहा, तर १९७३ साली भामरागडजवळ हेमलकशाला सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदा आमटे यांनी कित्येक वर्षे कंदिलाच्या उजेडात रोगी तपासले, टाके घातले. धरणाचे पाणीही नको आणि कंदीलही नको, एवढीच त्या रानातल्या माणसाची मागणी आहे, आणि ती अवास्तव म्हणता येत नाही. सूरजागडचा डोंगर लोखंडाचा. तिथे माडियांच्या ठाकूरदेवाची यात्रा भरते. २०१६ च्या डिसेंबरात तिथे खनिजाची ऐंशीच्या आसपास वाहने जाळली गेली, २०२१ पासून पुन्हा खोदकाम चालू झाले. लोखंड रस्त्याने बाहेर जाते. त्यातले चार मण गावातच ठेवून त्याची पाती आणि आस घडवायला हरकत नसावी, एवढे सुचवून ठेवतो.

एप्रिल २०१८ मध्ये देशातल्या प्रत्येक गावी वीज पोचल्याचे सरकारने जाहीर केले. गावातल्या शेकडा दहा घरांत वीज आली की गाव विद्युतयुक्त, अशी त्यावेळची व्याख्या होती. घरोघर जोडणी देण्याची योजना नंतर जोराने चालली हे खरे. तरी तार गावात असणे आणि पावसाळ्यात त्या तारेत वीज असणे, यांतला फरक अरण्यातल्या माणसाला शहरवासीयांनी समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा पत्रलेखकांनी पुढीलप्रमाणे करावे. चाक करण्याआधी नदी मोजावी. नदीचा सरळ, एकसारखा भाग निवडून काठावर दहा मीटरांवर दोन खुंट्या ठोकाव्या. वरच्या खुंटीच्या वरच्या बाजूस प्रवाहाच्या मध्यभागी एक लहान सुका भोपळा सोडावा. तो पहिल्या खुंटीपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत जातो ते घड्याळावर पाहावे. दहा सेकंद लागले तर वेग एक मीटर, वीस लागले तर अर्धा. वाऱ्यामुळे आणि पृष्ठभागाच्या चपळाईमुळे आकडा थोडा फुगतो, म्हणून शेकडा पंधरा कमी करावे. असे दर आठवड्याला, एकाच जागी, पाण्याच्या खोलीसह वहीत टिपावे. मोजणीला सातवी-आठवीची मुले घ्यावीत; गणिताचा तास नदीवर भरला तर कोणी रुसणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरुवात केली तर फाल्गुनापर्यंत वही भरेल. पौषात वेग पाऊण मीटरच्या खाली गेलेला दिसला तर चाकाचा नाद सोडून सगळा पैसा सौरपाट्यांत घालावा. एक मीटरच्या वर टिकला, तर सुताराला बोलवावे, आणि वही आमच्याकडे पाठवावी. पात्यांची संख्या, डोंग्यांमधले अंतर आणि दोर कोणत्या झाडाला कसा बांधायचा, हे वही पाहूनच सांगता येईल.