पड ठेवलेले शेत

गेल्या वर्षी काही कामानिमित्त आम्हांस हैदराबादेस जावे लागले. गनफाउंड्रीतील सेंट जोसेफ कॅथीड्रलमध्ये रविवारची मिस्सा आटोपून आम्ही जवळच्याच आबिड्स भागात पायी गेलो. सहाव्या निजामाचे सेवक आल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून या भागास हे नाव पडले. एरवी तेथे पाय ठेवावयास जागा नसते. रविवारी मात्र बहुतेक दुकाने बंद असतात व त्या बंद दारांपुढे पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो.

तेथेच आमच्या धर्मग्रामातील एक तरुण भेटला. संगणकाच्या एका कंपनीत सहा वर्षे राबून त्याने राजीनामा दिला होता. "तीन महिने दुसरी नोकरी शोधणार नाही, फादर. झोप उडाली आहे. कामाचे नाव काढले की छातीत धडधडते. घरी अजून सांगितलेले नाही. बाबांना काय वाटेल?"

खरे सांगावयाचे तर प्रथम आमच्याही कपाळास आठ्या पडल्या. धडधाकट मुलाने घरी बसावे, हे आपल्या गावांत कोणास रुचते? परंतु वाचकहो, सतत एकच पीक घेतलेल्या शेताचा कस जातो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर सातव्या वर्षी भूमी न पेरता विसाव्यास ठेवण्याची आज्ञाच आहे. जे मातीस मान्य, ते माणसास का नसावे?

हे आळसाचे निमित्तही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची नोंद घेतली. रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या दीर्घ व न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. अंगात त्राण न उरणे, कामाविषयी मन विटणे आणि हातून नीट काम न होणे, ही तिची तीन लक्षणे होत.

विश्रांती आपल्या वाडवडिलांस फुकट मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांस संघटित करून तिची मागणी लावून धरली, तेव्हा १८९० साली ती पदरी पडली. पुढच्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा हक्क ठामपणे मांडला.

तथापि तीन महिने थांबणे प्रत्येकास परवडत नाही. पदपथावरील तो पुस्तकविक्रेता थांबला, तर त्याची चूल थांबेल. म्हणून ज्यास ही सवड लाभते, त्याने ती जबाबदारीने घ्यावी. आधी काही महिन्यांचा खर्च गाठीस बांधावा, कर्जाच्या हप्त्यांची तजवीज करावी. नोटिशीची मुदत पुरी करून कार्यमुक्तीचे पत्र घ्यावे. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर बहुधा संपतो. स्वतःचा आधी उतरवावा. भविष्य निर्वाह निधीस हात लावू नये. पुन्हा कामास लागण्याची तारीख ठरवावी. दिवसभर मोबाइलमध्ये डोके घालणे ही विश्रांती नव्हे. झोप, चालणे, आईवडिलांचा सहवास, प्रार्थना, ही विश्रांती होय. झोप तरीही परतली नाही, तर डॉक्टरांकडे जाण्यास लाजू नये.

आणि घरच्यांपासून काही लपवू नये. आमच्या सांगण्यावरून त्या तरुणाने तेथूनच वडिलांना फोन लावला. बराच वेळ पलीकडून शब्द आला नाही. मग त्यांनी विचारले, "जेवलास का?" आणि थोड्या वेळाने, "घरी कधी येतोस?"

आईबाबांनो, आपले लेकरू असे थकून दारी आले, तर 'पुढची नोकरी कधी?' हा प्रश्न थोडे दिवस मागे ठेवा. पड ठेवलेल्या शेतास कोणी नापीक म्हणत नाही.