पहिला नंबर आणि पहिला फोन

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला एका जुन्या मित्राचा फोन आला. आवाज ऐकून वाटलं, कुणाचं तरी बरंवाईट झालं. निघालं ते वेगळंच. त्याच्या मुलाला बारावीनंतर अमेरिकेत, मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. आठ दिवस घरात पेढे चालले होते. त्या दिवशी कुणा नातेवाइकाने सांगितलं, ‘‘अरे, ते तर पार्टी स्कूल! २०१६ साली त्या यादीत पहिलं आलं होतं.’’ मित्र मला म्हणाला, ‘‘आता तूच सांग. घरावर कर्ज काढून पोराला गुत्त्यावर धाडायचं का?’’

मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, म्हणून अशा वेळी मंडळी मला विचारतात. मी म्हणालो, ‘‘दोन दिवस दे.’’ आणि त्या यादीच्या मागे लागलो.

अमेरिकेत कॉलेजलाही ‘स्कूल’ म्हणायची पद्धत आहे, आणि जिथे अभ्यासापेक्षा मौजमजेचा बोलबाला जास्त ते ‘पार्टी स्कूल’. या बिरुदाची जाहीर क्रमवारी गाजली ती १९८७ साली. ‘प्लेबॉय’ मासिकाने कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी विद्यापीठाला पहिला नंबर दिला. त्याच वर्षी तिथल्या ‘पायोनियर डेज’ उत्सवात दंगल झाली आणि विद्यापीठाच्या प्रमुखांनी उत्सवच बंद करून टाकला. पुढे नव्वदच्या दशकापासून ‘प्रिन्स्टन रिव्ह्यू’ या कंपनीच्या मार्गदर्शक पुस्तकातली यादी गाजू लागली. नावावर जाऊ नका, या कंपनीचा प्रिन्स्टन विद्यापीठाशी संबंध नाही. ही यादी बंद करा, असं अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २००२ मध्ये सांगून पाहिलं. ती त्यानंतरही निघत राहिली. २०१४ मध्ये सिरॅक्यूज, २०१५ मध्ये इलिनॉय, २०१६ मध्ये मॅडिसन असे पहिले नंबर बदलत गेले.

आता ही यादी व्हायची कशी? कुणी बाटल्या मोजत नसे. विद्यार्थ्यांनाच विचारत, तुमच्याकडे दारू किती चालते, अमली पदार्थ किती, वर्गाबाहेर अभ्यास किती तास होतो, फ्रॅटर्निट्यांचं प्रस्थ किती? फ्रॅटर्निटी म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं लावणारी विद्यार्थ्यांची मंडळं. यांची स्वतःची घरं असतात आणि पुष्कळशा पार्ट्या तिथेच होतात. थोडक्यात, ही यादी म्हणजे पोरांनी आपल्या कॉलेजबद्दल सांगितलेली ख्याती. तीस-चाळीस हजार विद्यार्थी, फुटबॉलचं वेड आणि विद्यापीठाभोवतीच फिरणारं गाव असलं, की नाव वर येण्याची शक्यता वाढायची. घरी जाऊन-येऊन शिकणाऱ्या पोरांच्या शहरी कॉलेजचं नाव सहसा येत नसे.

गंमत अशी, की याच मॅडिसनमध्ये १९६० ते १९७० हरगोविंद खुराना होते. ज्या कामासाठी त्यांना १९६८ चं नोबेल मिळालं, ते काम तिथलं. इलिनॉयमध्ये जॉन बार्डीन होते, पदार्थविज्ञानाचं नोबेल दोनदा मिळवणारे. म्हणजे यादी पाहून कॉलेज नाकारणं म्हणजे विसर्जनाच्या रात्रीचा गोंगाट ऐकून पुण्यात अभ्यास होत नाही असं ठरवणं.

हे मित्राला सांगून मी मोकळा झालो असतो. पण यादी चाळताना २००९ च्या पहिल्या नंबरापाशी अडखळलो. ते होतं पेन स्टेट. तिथल्या एका फ्रॅटर्निटीत फेब्रुवारी २०१७ मध्ये एकोणीस वर्षांचा मुलगा नव्याने दाखल झाला. दाखल होण्याचा रिवाज म्हणून त्याला एकामागून एक पेले पाजले. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. भोवती मुलंच मुलं होती, पण रुग्णवाहिकेसाठी फोन व्हायला जवळजवळ बारा तास गेले. दोन दिवसांनी तो वारला.

फोन का झाला नाही? प्रत्येकाच्या मनातलं मला ठाऊक नाही, पण भीती मला ओळखीची आहे. अमेरिकेत १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर काही वर्षांतच दारूची वयोमर्यादा सगळीकडे एकवीस झाली. कॉलेजातली पुष्कळ पोरं त्याखालची. म्हणून पिणं थांबलं नाही, ते तळघरात गेलं. आपल्याकडे महाराष्ट्रात कडक दारूला पंचविसाची अट आहे, आणि ती होस्टेलात किती पाळली जाते हे मी स्वतः पाहिलं आहे.

पुण्यात होस्टेलवर असताना, परीक्षा संपल्याच्या रात्री आमच्यातला एकजण पिऊन बेशुद्ध पडला. आम्ही पाचजण. रेक्टरला कळलं तर होस्टेलमधून हकालपट्टी, आणि घरी कळलं तर त्याहून वाईट. आम्ही दाराला आतून कडी घातली, त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि त्याला उताणा झोपवला. हे अगदी चूक. बेशुद्ध माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो. शिवाय पिणं थांबल्यावरही रक्तातली दारू काही वेळ वाढतच असते. पहाटे आमच्यातल्या एकाने त्याला सहज कुशीवर वळवला आणि लगेच त्याला उलटी झाली. तो वाचला, आज आजोबा आहे. आमच्या शहाणपणाने वाचला असं मी कधीच म्हणणार नाही.

या भीतीवरचा उपाय अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी शोधला. कॉर्नेलने २००२ मध्ये नियम केला, की मित्रासाठी मदत मागणाऱ्याला आणि त्या मित्रालाही दारूबद्दल विद्यापीठाची शिक्षा नाही. पुढे बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले. आधी जीव, चौकशी मागाहून, इतकं साधं ते आहे.

मला वाटतं, आपल्या घरांत हा नियम नाही. आपण पोराला सांगतो, ‘‘असलं काही केलंस तर तोंड दाखवू नकोस.’’ पोर ते शब्दशः ऐकतं. वेळ आली की तोंड दाखवत नाही, फोनही करत नाही.

म्हणून मित्राला म्हणालो, ‘‘पाठव. पण पहिला नंबर कुणाचा ते पाहू नकोस. रात्री दोनला संकटात त्याचा पहिला फोन कुणाला जाईल, ते पाहा. तिथे ९११, आणि मग तुला. त्याला आजच सांग, की काहीही झालं असलं तरी आधी मदत मिळेल, बोलणी नंतर.’’

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘सांगेन रे. पण त्याने खरंच फोन केला तर मी पहिल्या वाक्यात ओरडणार नाही, हे माझं मलाच कुठे ठाऊक आहे?’’

मॅडिसनला जाण्याआधी मुलाला बरीच तयारी करायची आहे. मला वाटतं, त्याच्या वडिलांना त्याहून जास्त आहे.