गाय, सुई आणि एक फॉरवर्ड

लंचनंतरचा अर्धा तास कामाचा नसतो, हे एचआर सोडून ऑफिसात सगळ्यांना माहीत असतं. त्या वेळात कुणी शेअर बघतं, कुणी स्थळं बघतं. मी सध्या दोनशे वर्षांपूर्वीची इंग्लिश कार्टून्स बघतेय. हसू नका. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने आणि वेलकम कलेक्शनने त्यांचा ढीगच्या ढीग ऑनलाइन फुकट टाकलाय. एकदा बघायला बसलात की चहा गार झालाच म्हणून समजा.

सुरुवात जेम्स गिलरेच्या ‘द गाउट’पासून करा. साल १७९९. उशीवर ठेवलेलं एक सुजलेलं पाऊल आणि त्यावर दात-नखं रोवून बसलेलं एक काळं, छोटं राक्षसाचं पिल्लू. बस्स, बाकी काही नाही. आमच्या फायनान्सच्या साहेबांना युरिक ॲसिडचा जुना त्रास आहे. त्यांना दाखवलं, तर दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, “हाच तो.”

ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे आणि मग हाताने रंगवायचे. गिलरे ज्या हॅना हम्फ्री बाईंसाठी काम करायचा, त्यांचं सेंट जेम्स स्ट्रीटवर दुकान होतं आणि हा वरच राहायचा. नवीन चित्र आलं की दुकानाच्या खिडकीत लागायचं आणि बाहेर फुकट्यांची ही गर्दी! पिकॅडिलीतला एक दुकानदार, फोर्स त्याचं नाव, तर चित्रांचे गठ्ठे संध्याकाळपुरते भाड्याने द्यायचा. पाहुणे येणार, जेवण होणार, मग सगळे मिळून चित्रं बघणार. आपली व्हिडिओ लायब्ररी आठवली ना?

आणि डॉक्टर म्हणजे या मंडळींचं आवडतं गिऱ्हाईक. थॉमस रोलँडसनचं १७८७चं दातांचं चित्र बघा. श्रीमंत बाईला नवा दात हवाय, म्हणून शेजारी बसलेल्या धुराडी साफ करणाऱ्या पोराचा जिवंत दात उपटणं चाललंय. दारावर पाटी आहे : जिवंत दातांना भरपूर पैसे मिळतील. दोन फाटकी पोरं गाल धरून बाहेर पडतायत, हातात नाणी. हे वेडंवाकडं कल्पनाचित्र नाही हं, तेव्हा लंडनमध्ये खरोखर असे दात बसवायचे. इथे हसू येतं आणि घशात अडकतं. विल्यम हीथचं १८२८चं चित्र त्यामानाने सोपं. बाईसाहेब मायक्रोस्कोपमधून थेम्सच्या पाण्याचा एक थेंब बघतात, आत किडे, राक्षस, शेपट्या, आणि हातातला चहाचा कप धाडकन खाली.

पण मला ज्या चित्रापाशी थांबायचंय ते पुन्हा गिलरेचंच आहे. १२ जून १८०२.

पार्श्वभूमी दोन ओळींत. देवी हा तेव्हाचा सगळ्यात भयंकर रोग. एडवर्ड जेन्नर नावाच्या खेड्यातल्या डॉक्टरने १७९६मध्ये, दूध काढणाऱ्या एका बाईच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या मुलाला टोचला. हा फोड गायींकडून येणाऱ्या, देवीच्याच एका सौम्य भावकीतल्या आजाराचा होता. पुढे त्या मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचूनही काही झालं नाही. १८०२च्या जूनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने जेन्नरला १० हजार पौंड मंजूर केले. आणि लगेच गिलरेचं हे चित्र आलं.

मधे खुर्चीत एक घाबरलेली बाई. डॉक्टर तिचा दंड धरून त्यात पातं खुपसतोय. शेजारी एक पोरगा लसीची बादली धरून उभा. आणि आजूबाजूला आधीच लस घेतलेली मंडळी : कुणाच्या नाकातून गाय निघालीय, कुणाच्या दंडातून, कुणाच्या पार्श्वभागातून, एकाला तर शिंगं फुटलीयत. मागच्या भिंतीवर तसबीर, त्यात लोक सोन्याच्या वासरापुढे गुडघे टेकून बसलेत. चित्र भन्नाट आहे, दोन शतकांनंतरही पोट धरून हसाल.

आता गंमत बघा. चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलंय की लसविरोधी मंडळाची प्रकाशनं पाहा. म्हणजे गिलरे हसतोय कुणाला? लसीला, की लसीने अंगावर गायी उगवतील असं मानणाऱ्यांना? मला तर दुसरंच वाटतं. पण खिडकीबाहेरच्या गर्दीतलं कोण ती बारीक अक्षरं वाचणार? त्यांना नाकातली गाय दिसली.

हे मी इतक्या ठामपणे सांगतेय, कारण २०२१च्या जूनमध्ये मी हेच केलं. लस घेतली की अंगाला स्टील चिकटतं, अशी अफवा होती. त्यावर मला एक मस्त फोटो आला. एका बाईच्या दंडाला चमचे, झारा, सांडशी, सगळं लटकलेलं, आणि खाली लिहिलेलं, “लस घेतलेली सून, मांडणीचा खर्च वाचला!” मी लोळून हसले आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. अर्थातच अफवेची टर उडवायला.

चार दिवसांनी साताऱ्याच्या आत्याचा फोन. तिची लसीची तारीख होती, ती गेलीच नाही. वय सत्तरच्या घरात, शुगर वीस वर्षांची.

“अगं आत्या, तो जोक होता!”

“असेल. पण तूच पाठवलास ना? तू शिकलेली. काहीतरी असल्याशिवाय कोण कशाला पाठवेल?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्या गेली ती थेट सप्टेंबरमध्ये. मधले तीन महिने, रात्री दहानंतर साताऱ्याचा नंबर दिसला की माझ्या पोटात गोळा यायचा. तिला काही झालं नाही. ते तिचं नशीब, माझी हुशारी नाही.

गिलरेच्या चित्राची तारीख वाचताना मी दचकले ती एका वेगळ्याच गोष्टीमुळे. १२ जूनला लंडनमध्ये ते चित्र निघालं आणि बरोब्बर दोन दिवसांनी, १४ जून १८०२ला, आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. लस व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असं करत इथपर्यंत आली होती. फ्रीज कुठला तेव्हा? एकाच्या दंडावरचा फोड पिकला की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडात, असा साखळीने प्रवास. ॲनाच्या दंडावरून मग मुंबईतल्या इतर मुलांना, तिथून पुण्याला, सुरतेला, पुढे मद्रासपर्यंत. आपल्याकडे या लसीला विरोध झाला, त्यात एक मोठं कारण असं की आधीचा दंड कुठल्या जातीचा ते माहीत नाही! तिकडे भीती गायीची, इकडे माणसाची.

गेल्या महिन्यात साताऱ्याला गेले तेव्हा आत्याला ते चित्र मोबाइलवर दाखवलं. बारीक अक्षरं मोठी करून, वाचून, अर्थ सांगून. ती बराच वेळ बघत राहिली. मग पदर सरकवून दंडावरचा तो गोल, सुरकुतलेला व्रण दाखवला.

“माझ्या देवी काढल्या तेव्हा मी अख्खं गाव डोक्यावर घेतलं होतं म्हणे,” ती म्हणाली. “आईने दोन्ही हात धरून ठेवले. हे चित्र ग्रुपवर टाकू नकोस हं.”