मूल नेमके कुणाच्या खात्यात?

सप्टेंबर 2022 मध्ये गोंदिया जिल्ह्यातील मजितपूरच्या आश्रमशाळेची सुमारे 120 मुले क्रीडास्पर्धेहून परतताना एका ट्रकमध्ये कोंबण्यात आली. धानाची पोती लादावीत तशी ती लादली गेली, गुदमरली, कित्येक बेशुद्ध पडली आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. पोते फाटले तर गिरणीवाला निदान जाब तरी विचारतो. इथे लेकरे आदिवासींची, तेव्हा जाब विचारणार कोण? चौकशीचे आदेश तेवढे तत्परतेने निघाले. आदेश काढायला ट्रक लागत नाही!

आता त्याच वर्षाचा 10 मार्च आठवा. ट्रकच्या घटनेच्या अवघे सहा महिने आधी, त्या दिवशी शालेय शिक्षण विभागाने शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्यांचा शासन निर्णय काढला होता. समितीत शिक्षिका, समुपदेशक, महिला डॉक्टर, महिला वकील, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, पालक आणि खुद्द विद्यार्थीही. कागदावर ही समिती इतकी देखणी की तिची दृष्टच काढावी. गोंदियातल्या सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीतील गावात समुपदेशक आणि महिला वकील कुठून उगवणार, हा क्षुद्र प्रश्न मंत्रालयातील विद्वानांना पडला नाही. मध्यंतरी मुंबईत सत्ता पालटली, मुलांचा प्रवास पालटला नाही.

नियमांचा दुष्काळ आहे, असे कोणी म्हणू नये. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा ‘पॉक्सो’ कायदा 2012 चा आहे. हाताखालच्या माणसाचे दुष्कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला त्यात एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. त्याखालच्या 2020 च्या नियमांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि राज्याचे बालसंरक्षण धोरण बंधनकारक केले. तक्रारपेटी तर त्याच्याही आधीपासून भिंतीवर आहे. ती टांगायची कुठे? मुख्याध्यापकांच्या दारालगत, शिपायाच्या स्टुलावर! ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच डोळ्यांदेखत दुसरीतल्या पोरीने चिठ्ठी टाकावी, असा हा बंदोबस्त.

आणि हे सारे कशासाठी? मुलांसाठी, असे ज्याला वाटते त्याने बदलापूर आठवावे. ऑगस्ट 2024 मध्ये तिथे शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, आईबापांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, आणि 20 तारखेला संतापलेल्या जनतेने रेल्वे रोखून धरली, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी शासनाची लेखणी जागी होऊन सीसीटीव्ही, चारित्र्य पडताळणी, तक्रारपेट्या आणि त्याच त्या सखी सावित्री समित्यांचा नवा शासन निर्णय प्रसवली. 2022 चा निर्णय अमलात असता, तर 2024 मध्ये तो पुन्हा काढावा का लागला? खाजगी शाळांना कॅमेऱ्यांसाठी महिन्याची मुदत आणि मान्यता रद्द करण्याचा धाक, सरकारी शाळांचे कॅमेरे मात्र जिल्हा नियोजनाच्या निधीच्या भरवशावर. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आमचा स्पष्ट आरोप असा की हे कागद मुलांना वाचवण्यासाठी काढले जात नाहीत. उद्या काही विपरीत घडले, तर ‘आम्ही सूचना दिल्या होत्या’ असे म्हणून वरिष्ठांना हात झटकता यावेत आणि खापर मुख्याध्यापकाच्या माथी फुटावे, एवढाच त्यांचा उपयोग आहे.

आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची, गावची शाळा जिल्हा परिषदेची, शासन निर्णय शालेय शिक्षण विभागाचा, बाल कल्याण समिती महिला व बालविकास विभागाची, पडताळणी गृहखात्याची. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरताना प्रत्येक साहेब आपापले खाते झाडून दाखवतो, आणि घरापासून दूर, वसतिगृहाच्या सतरंजीवर निजणारे पोर मात्र कुणाच्याच खात्यात नाही. ज्या आईबापांनी लेकरू आश्रमशाळेच्या हवाली केले, त्यांच्या दृष्टीने सरकारच त्याचा पालक. हा पालक नादान आहे.

गोंदियाच्या सुज्ञ पालकांना आम्ही शहाणपण शिकवावे असे नाही. त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत सखी सावित्री समितीचे इतिवृत्त मागावे, तक्रारपेटी शेवटची कधी आणि कोणासमोर उघडली ते विचारावे, आणि यादीत नाव असलेल्या अंगणवाडी सेविकेला सर्वांदेखत एवढेच पुसावे: बाई, आपण या समितीवर आहात हे तुम्हाला कुणी कळवले होते काय?