आधी नदी, मग मासा

परवा इंग्रजीच्या तासाला सरांनी आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या ‘द कम्प्लीट अँगलर’वरून सुरुवात केली आणि गाडी ट्राउटवर गेली. बर्फासारख्या पाण्यात उभे राहून, पिसांची खोटी माशी गळाला बांधून तासन् तास वाट पाहणारे ते हौशी लोक आम्हां सर्वांना फार आवडले. तास सुटल्यावर मी चार मित्रांना विचारले, “मुठेतल्या एका माशाचे नाव सांगा पाहू.” एकजण म्हणाला, चिलापी. ती मूळची आफ्रिकेतली! बाकीचे नुसतेच हसले.

हसण्यासारखे खरोखर काही नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक माशांची इथली नावेच त्याने शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, कोलस, नुकता, सिंघाला. आपल्या मुळा-मुठेच्या काठची मराठी अशी जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसली आणि पुण्यात मात्र ती बोलणारा भेटत नाही. यांतली खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. गळाला लागल्यावर झुंज देण्यात तो ट्राउटला मुळीच हार जाणार नाही.

हे सगळे आठवण्याचे कारण असे, की आमच्या एका मंडळाने या हिवाळ्यात संगमावर महसीरची पिले सोडण्याचा बेत केला आहे. फोटो छान येतील. माझा मात्र विरोध आहे. महसीरला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी जितके थंड तितका त्यात प्राणवायू अधिक मावतो, म्हणजे वास्तविक डिसेंबर हा माशांच्या चैनीचा महिना. पण पावसाळा सरला की खडकवासल्याचे पाणी कालव्यांत आणि आपल्या नळांत जाते. शहरातल्या पात्रात उरते ते बहुतांशी सांडपाणी, आणि त्यातली घाण कुजताना होता तो प्राणवायूही खाऊन टाकते. तिथे चिलापी तग धरते. महसीरची पिले सोडणे म्हणजे त्यांना समारंभपूर्वक मारणे.

“पण लोणावळ्याला टाटांनी महसीर वाढवलाच ना?” असे मंडळाचे चिटणीस विचारतात. वाढवला, आणि ते काम मोठेच आहे. वळवणच्या केंद्रातली पिले दूरदूरच्या राज्यांत गेली. परंतु कावेरीत बाहेरून सोडलेला हाच महसीर माजला आणि तिथला मूळचा, पाठीवर वशिंड असलेला महसीर मागे हटत गेला, असे अभ्यासक सांगतात. सद्हेतूने सोडलेला मासासुद्धा उपद्रव करू शकतो. (हे आमच्या मंडळांनाही थोडेफार लागू आहे.)

पिलांच्या पैशांत प्राणिशास्त्राच्या लोकांना बरोबर घेऊन संगमाचे पाणी दर महिन्याला तपासावे, भोई आळीतल्या म्हाताऱ्यांकडून माशांची नावे उतरवून घ्यावीत, आणि हे आकडे व नावे याच अंकात दरवर्षी छापावीत, अशी सूचना मी लेखी दिली आहे. बैठक येत्या शनिवारी आहे. ज्यांना मत द्यायचे आहे त्यांनी आदल्या दिवशी सकाळी संगम पुलावर एक चक्कर टाकून यावे. रुमाल बरोबर असू द्यावा.