प्रात्यक्षिक आणि प्रत्यक्ष

शिवजयंतीच्या मिरवणुकीत लेझीम-ढोलांच्या मागोमाग दांडपट्टा फिरू लागला की पाहणाऱ्यांचा ऊर भरून येतो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने या दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा आम्हांलाही आनंदच झाला. परंतु उताणे निजलेल्या मुलाच्या अंगावरचे लिंबू पट्ट्याच्या एका फटक्यात दुभंगते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो, तेव्हा एक साधा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. लिंबू हलत नाही, चुकवत नाही आणि उलटा वारही करत नाही. मग हे शिक्षण नेमके कशाचे?

या प्रश्नाचे उत्तर सुरतेच्याच इतिहासात आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. ती स्वारी या शहराच्या आठवणीत वेगळ्या रंगाने उरली आहे, हे आम्ही जाणतो. येथे तिच्यातला एकच प्रसंग घ्यावयाचा आहे. किल्ल्यात लपून बसलेल्या इनायतखानाने तहाच्या बोलण्याच्या मिषाने एक तरुण महाराजांकडे पाठविला. बोलता बोलता त्याने कट्यार उपसून झेप घेतली. पहाऱ्यावरच्या शिपायाने एका घावात त्याचा हात उडविला, तरी तो थांबला नाही. तुटक्या हातानिशी तो महाराजांच्या छातीवर आदळला आणि दोघेही खाली कोसळले. दुसऱ्या वाराने त्याचे मस्तक फुटले तेव्हाच तो प्रसंग संपला. इंग्रज वखारीतील पाद्री एस्कॅलियट याने आपल्या पत्रात ही हकीकत लिहून ठेवली आहे.

शिपायाचा वार अचूक होता. तरीही महाराज जमिनीवर पडलेच. प्रात्यक्षिकात मात्र एक फटका बसला की समोरचा गडी शहाण्यासारखा थबकतो. प्रात्यक्षिक आणि प्रत्यक्ष यांतले अंतर ते एवढे!

यावर काही वस्तादांचे म्हणणे असे की, ही विद्या जीवघेणी आहे. ती खरोखरीच्या झुंजीत शिकवू लागलो तर शिष्य उरणार नाहीत, आणि नियम घातले तर तिचा नुसता खेळ होईल. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. आखाड्यातला मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या हाती सुरा नाही हे धरूनच चालतो. परंतु ही अडचण आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती काय? ती ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी फरीगदका निर्माण केला. तलवारीच्या जागी कातड्याने मढविलेली काठी आणि हाती लहानशी ढाल घेऊन दोघांनी मनापासून एकमेकांवर वार करावेत, चुकले तर मार खावा, पण जीव जाऊ नये, अशी ही योजना. भाल्याच्या टोकाला पात्याऐवजी गोळा बसवून घोडेस्वारांनी बोथाटी खेळावी, यामागेही तोच विचार. कुस्तीची तालीम तर आजही त्याच नियमाने चालते. हौद्यात समोरचा जोडीदार डाव सहजासहजी लागू देत नाही. तेव्हा खरा प्रतिकार करणारा प्रतिस्पर्धी ही पश्चिमेकडून आलेली कल्पना नव्हे. आपल्याच परंपरेचा तो कणा आहे.

हे जाणण्यासाठी येथील मराठी माणसाला पुणे-कोल्हापूर गाठण्याचीही गरज नाही. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी व्यायामाची मोठी परंपरा उभी केली आणि मराठी व्यायामज्ञानकोशही बडोद्यातच सिद्ध झाला. जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची शाळा काढली, तेव्हा जीवघेणे डाव त्यांनी ठरीव आकृतिबंधांत जपून ठेवले आणि उरलेले डाव शिष्यांना पुरत्या ताकदीने एकमेकांवर करावयास लावले. आकृतिबंध आणि झुंज या दोहोंना त्यांनी आपापली जागा दिली. आपण मात्र आकृतिबंध ठेवला आणि झुंज टाकली.

हा वाद केवळ तात्त्विक असता तर आम्ही अग्रलेखाची जागा त्यासाठी अडविली नसती. परंतु आठवड्या-दोन आठवड्यांच्या स्वसंरक्षण शिबिरांतून मुलींना चाकू हिसकावण्याचे डाव शिकविले जातात आणि ‘आता तुम्ही निर्भय झालात’ असे सांगून प्रमाणपत्र दिले जाते. चाकू धरणारी मैत्रीण हात सैल सोडते. रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलीसमोर येणारा गुंड तो सोडणार नाही. दुर्बळाला आपले दौर्बल्य कळत असते, म्हणून तो सावध राहतो. खोट्या बळाचा भ्रम त्याची ती सावधगिरीही हिरावून घेतो.

म्हणून मंडळांना आणि वस्तादांना आमचे नम्र सांगणे आहे. मिरवणुकीतला पट्टा अवश्य फिरू द्या. ती शोभा आहे आणि शोभेलाही स्थान आहे. लहान मुलांच्या अंगावर लिंबे कापणे तेवढे बंद करा. शिरस्त्राण, हातमोजे आणि मऊ काठी देऊन फरीगदका पुन्हा सुरू करा आणि रोज थोडा वेळ तरी शिष्याला अशा जोडीदारासमोर उभे करा, जो हार मानावयास राजी नाही. आणि मुलींना पहिला धडा पळण्याचा, ओरडण्याचा व मदत मागण्याचा द्या. त्यात भ्याडपणा नाही. गनिमी काव्याच्या वारसदारांना माघारीचे मोल निराळे सांगावयास नको.

मार खाल्ल्यावाचून वार चुकविता येत नाही. तो पहिला मार तालमीत, वस्तादाच्या नजरेखाली खावा, रस्त्यावर नव्हे, एवढेच आमचे म्हणणे आहे.